बंडी, गळपट्टा आणि सायकल

भाद्रपदात, घामाने सदरा पाठीला चिकटलेला असताना, थंडीच्या कपड्यांवर लिहायला बसलो याचे काहींना हसू येईल. पण आमच्या घरी गणपतीचे मखर आणि लोकरीच्या कपड्यांची ट्रंक एकाच माळ्यावर असतात. मखर काढायचे तर आधी ट्रंक उतरवावी लागते. ती उतरली की कुणीतरी उघडतेच, डांबरगोळ्यांचा वास घरभर पसरतो आणि मखराचे काम तासभर लांबते. यंदा ट्रंकेच्या तळाशी कापूस भरलेली एक बिनबाह्यांची बंडी, चीर पडलेला तपकिरी गळपट्टा आणि पोलादी पट्टीच्या वाकवलेल्या दोन क्लिपा निघाल्या. क्लिपा बघून नातवाने विचारले, ‘‘हे कशाचे आहे?’’ सायकलच्या साखळीत पँटची किंवा धोतराची कड अडकू नये म्हणून घोट्याला लावायच्या क्लिपा त्या. मग बाकीच्या ट्रंकेकडेही आम्ही त्याच नजरेने पाहिले. तेव्हा कळले, की आमच्या घरातले निम्मे गरम कपडे सायकलवर बसण्यासाठी शिवलेले, विणलेले किंवा कुणाचे तरी मागून घेतलेले होते.

बडोद्याला थंडी ती काय, असे पुण्या-नाशिककडचे पाहुणे विचारतात. पौषातली पहाट, पारा दहा-बारा अंशांवर आणि ईशान्येचा कोरडा वारा, एवढीच आपली थंडी. पायी चालणाऱ्याला ती गोड वाटते. सायकलवाल्याचे गणित वेगळे असते, कारण तो स्वतःच वारा तयार करतो. वाऱ्याने थंडी किती वाढते हे पॉल सिपल आणि चार्ल्स पासेल या दोन अमेरिकनांनी अंटार्क्टिकावर पाणी गोठवून मोजले आणि १९४५ साली प्रसिद्ध केले. आज वापरात असलेल्या सुधारित सूत्राने हिशेब केला, तर दहा अंशांच्या पहाटे ताशी पंधरा किलोमीटरने सायकल हाकणाऱ्याच्या उघड्या चेहऱ्याला आठ अंशांइतके गार लागते. त्यात समोरून खरा वारा आला की आणखी कमी. लहरीपुऱ्यातून रोज बाहेर पडणाऱ्यांना हे कोणत्याही सूत्राशिवाय माहीत होते.

लहरीपुरा दरवाजा हे जुन्या कोटाचे पश्चिमेचे तोंड. पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट आणि मध्ये मांडवी. शहर वाढले ते प्रामुख्याने पश्चिमेकडे: न्यायमंदिर, सूरसागर, दांडिया बाजार, रावपुरा, कलाभवन, कॉलेज, स्टेशन. त्यामुळे कोटात राहणारा कारकून, मास्तर, विद्यार्थी, कामगार सकाळी याच कमानींखालून बाहेर जाई. आत वाड्यांच्या भिंतींनी वारा अडवलेला असे. दरवाजा ओलांडून सूरसागराच्या मोकळ्या कडेला आले की तो अंगावर येई. गोरव्याकडे किंवा पुढे कोयलीकडे जाणाऱ्यांना वायव्येला जायचे असल्याने ईशान्येचा वारा नेमका उजव्या कानाला लागे, आणि परतताना डाव्या. आमच्या वडिलांचा सकाळचा कान आणि संध्याकाळचा कान वेगळा दुखे, हे आम्ही लहानपणी थट्टेचे समजत होतो.

आपण आज ओळखतो तशी सायकल, दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, जॉन केंप स्टार्ली यांनी इंग्लंडात १८८५ साली बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपचे हवेचे टायर आले आणि हाडे खिळखिळी होणे थांबले. पाठोपाठ तिथे सायकलीवर काय घालावे याची मोठी चर्चा सुरू झाली. डॉ. गुस्ताव येगर या जर्मन प्राध्यापकाने अंगाला फक्त लोकर लागली पाहिजे, सुती नको, असा आग्रह धरला. बर्नार्ड शॉसारखे लोक त्याच्या नादाने डोक्यापासून पायापर्यंत लोकरीत वावरू लागले. येगर अतिरेकी होता, पण मुद्द्यात तथ्य होते. पायडल मारताना स्नायूंत खर्च होणाऱ्या शक्तीपैकी जेमतेम चौथा हिस्सा चाकाला मिळतो, बाकीची उष्णता होऊन अंगात राहते. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत कुडकुडणारा माणूस पुढे घामाघूम होतो. सुती कापड तो घाम धरून ठेवते आणि थांबले की ओले गार फडके छातीवर ठेवल्यासारखे होते. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेऊनही कोरडी वाटते.

आपल्याकडे लोकर महाग आणि कापूस दारात. त्यामुळे बडोद्याच्या मराठी घरांनी हा प्रश्न बंडीने सोडवला. आश्विनात पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीत घुमायचा. गाद्या-गोधड्यांचे काम झाले की उरलेला पिंजलेला कापूस बंडीत जायचा. दोन कापडांत तो पसरून वरून उभे-आडवे टाके घालायचे, म्हणजे कापूस गोळा होत नाही. गुजराती शेजाऱ्यांचा डगलो याच जातीचा, पण त्याला बाह्या असत. आमच्या आजोबांचे म्हणणे होते, की बाहीचा डगलो झोपाळ्यावर बसायला आणि बिनबाहीची बंडी सायकलीला. त्यांचे बरोबर होते. सायकलवाल्याच्या फक्त छातीवर वारा आदळतो. हात मोकळे हवेत, काखेतून वाफ बाहेर जायला हवी, आणि चढ आला की वरची दोन बटणे काढता आली पाहिजेत. (बडोद्यात चढ कुठला, असे कुणी म्हणेल. रेल्वेच्या पुलावरून डबलसीट नेऊन पाहावे.) ट्रंकेतल्या बंडीच्या पुढच्या बाजूस कापूस जाड आहे आणि पाठीला जवळजवळ नाहीच. शिवणाऱ्याने विचार करूनच तसे केले असणार.

धोतराबद्दलही सांगायला हवे, कारण त्याची उगाच चेष्टा होते. काचा मारलेले धोतर मांडीवर आणि गुडघ्यावर दोन-तीन पदरी पडते, सैल असते, आणि त्या पदरांतली हवा गुडघा गरम ठेवते. थंडीत सायकल चालवणाऱ्याचा गुडघा झाकलेला हवा, कारण त्या सांध्यावर मांस नाही आणि तोच सतत वाऱ्यात पुढे येतो. अर्ध्या चड्डीत शाळेत जाणाऱ्या आम्हा मुलांचे गुडघे पांढरे फुटत आणि आई त्यांना तिळाचे तेल चोळी. त्या काळात आजोबा धोतरात सुखी होते. पगडी मात्र सायकलवर टिकली नसती. ती डौलाने बसून जायच्या वाहनांची गोष्ट. आमच्या घरी तरी सायकल आली आणि पगडी खुंटीवर गेली, काळी टोपी आली, आणि थंडीत टोपीवरून कानाला मफलर.

मफलरला आजी गळपट्टाच म्हणायची आणि आम्हीही इथे तेच म्हणतो. माकडटोपीचा मात्र आजोबांना तिटकारा. तिचे इंग्रजी नाव बॅलाक्लाव्हा, क्रिमियातल्या ज्या गावाजवळ १८५४ साली इंग्रज आणि रशियन लढले त्या गावावरून पडलेले. त्याच युद्धातला सरदार कार्डिगन, त्याच्या नावाने पुढून उघडणारा स्वेटर. त्याच युद्धातला सेनापती रॅगलन, त्याच्या नावाने गळ्यापासून तिरकी निघणारी बाही, जी आपल्या मावश्या-काकू सुयांवर आजही घालतात. एका थंडीतल्या युद्धाने इंग्रजांना तीन कपडे दिले. आपलेही एक थंडीतले युद्ध आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर अर्धपोटी, उत्तरेच्या थंडीला पुरेसे कपडे नसलेले आपले सैन्य उभे होते. त्यातून जिवंत परतलेल्यांत आपले दमाजीराव गायकवाडही होते. त्या थंडीने आपल्याला कपडा एकही दिला नाही. ‘पानिपत झाले’ आणि ‘संक्रांत कोसळली’ हे बोलणे तेवढे उरले.

लोकर आपल्या घरांत खरी शिरली ती विणकामामुळे. मुलींच्या शाळांतून दोन सुयांचे विणकाम शिकवले जाई आणि लग्नाआधी मुलीने निदान एक स्वेटर पुरा केलेला असावा अशी अपेक्षा असे. पुढे तयार माल आला. एक गंमत इथे नोंदवावी. १९५६ मध्ये हीरो सायकलीचा कारखाना लुधियानात सुरू झाला आणि ते शहर हळूहळू देशाची सायकल बनवू लागले. लोकरीच्या होजियरीसाठी ते आधीपासून प्रसिद्ध होतेच. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकात लहरीपुऱ्यातून थंडीच्या पहाटे निघालेल्या माणसाच्या खालची सायकल आणि अंगावरचा स्वेटर हे एकाच पंजाबी शहरातून आलेले असण्याचा बराच संभव. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले आणि गावोगावी हिवाळ्यात स्वेटर विकू लागले. बडोद्यातही त्यांची दुकाने थंडीत लागतात. चपलेत घालता येतील असे अंगठा सुटा असलेले मोजे आमच्या घरच्या बायकांनी पहिल्यांदा त्यांच्याकडूनच घेतले.

बायकांचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडे थांबले पाहिजे, कारण थंडीत सायकलवर काय घालावे हा पुरुषांपुढे सोयीचा प्रश्न होता, बायकांपुढे परवानगीचा. इंग्लंडातही तेच. ऑक्टोबर १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन या बाई सरे परगण्यातल्या ऑकम गावी सायकलने गेल्या. अंगावर घागऱ्याऐवजी सैल विजार होती, म्हणून हॉटेलवाल्या बाईने त्यांना कॉफीच्या खोलीत बसू दिले नाही. सायकलवाल्यांच्या संघटनेने खटला भरला आणि १८९९ मध्ये तो हरला.

आपल्याकडे खरे तर सायकलीला योग्य पोशाख आधीपासून होता. नऊवारीचा कासोटा मारला की दोन्ही पाय सुटे. महाराणी चिमणाबाईंच्या नऊवारीतल्या तसबिरी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. १९२७ साली पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या त्या याच. पण मुली कॉलेजात जाऊ लागल्या तेव्हा नऊवारी जुनी ठरली होती आणि पाचवारी आली होती, जिच्यात पाय मोकळे टाकता येत नाहीत. नवा म्हणून घेतलेला वेश सायकलीला जास्त अडचणीचा. त्यासाठी मग आडवा दांडा नसलेली लेडीज सायकल, साखळीला पुरी पेटी, मागच्या चाकाला जाळी.

आमच्या एका आत्या १९५०च्या सुमारास विद्यापीठात जाऊ लागल्या. सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले होते आणि हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या. बाईच कुलगुरू असल्याने आत्यांच्या सायकलीला घरी फारसा विरोध झाला नाही. अडले थंडीत. सकाळी लवकरचे तास, सूरसागराचा वारा, अंगावर पाचवारी आणि अर्ध्या बाहीचे पोलके. शाल घेऊन पाहिली. दुसऱ्याच दिवशी तिचे टोक मागच्या चाकात गेले आणि आत्या न्यायमंदिरासमोर पडल्या. (इझाडोरा डंकन ही नर्तकी १९२७ साली नीस शहरात मोटारीच्या चाकात गळ्यातली लांब ओढणी अडकून गेली. आत्यांचे गुडघ्यावर निभावले.) मग त्यांनी थोरल्या भावाचा जुना लोकरी कोट घातला. उत्तम कपडा: वारा आत येत नाही, टोक लोंबत नाही, खिशात हात घालून वर्गाबाहेर उभे राहता येते. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो बघवला नाही. सायकल चालेल, पुरुषाचा कोट चालणार नाही. लोक काय म्हणतील?

आत्यांनी वाद घातला नाही. कोट घडी करून वह्यांखाली कॅरिअरला बांधायच्या, लहरीपुरा दरवाजापर्यंत कुडकुडत जायच्या आणि कमानीच्या आडोशाला उतरून तो चढवायच्या. परतताना तिथेच काढायच्या. जवळजवळ पूर्ण हिवाळा हे चालले. एका सकाळी आजोबा फेरफटका मारून आत येत होते. दरवाजात मुलगी, अंगात अर्धा चढवलेला कोट. दोघेही थांबले. आजोबा म्हणाले, ‘‘वरचे बटण लाव,’’ आणि आत निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून आत्या घरूनच कोट घालून निघू लागल्या. या विषयावर पुन्हा कधी बोलणे झाले नाही. आमच्या पिढीच्या मुलींना पंजाबी ड्रेस मिळाला आणि हा सगळा प्रश्न एकदमच सुटला. त्यांना तो प्रश्न होता हेसुद्धा ठाऊक नाही.

कारखान्यांच्या पाळीची गोष्ट निराळी. प्रा. गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी १९०७ मध्ये सुरू केलेले अलेंबिक आपल्याला जुने ओळखीचे. पुढे खताचा कारखाना आला, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी आली. पहिल्या पाळीला अंधारातच निघावे लागे. वडील वायव्येकडच्या एका कारखान्यात होते. त्यांच्या पोशाखात कापड कमी आणि युक्ती जास्त. बनियन, त्यावर शर्ट, शर्ट आणि स्वेटर यांच्यामध्ये छातीवर कालचे वर्तमानपत्र. स्वेटर गरम असतो, पण त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. कागद तो अडवतो. ही युक्ती त्यांना पेपर टाकणाऱ्या मुलाने दाखवली होती. पुढे आम्ही वाचले, की टूर द फ्रान्स शर्यतीतले सायकलपटू आल्प्सच्या घाटातून उतरताना जर्सीखाली हेच करत. वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘त्यांच्याकडे कुठला पेपर?’’ त्यांचा स्वतःचा आग्रह होता की शिळा पेपरच घ्यावा, ताज्याची शाई शर्टाला लागते. डायनॅमोचा दिवा त्यांना थंडीत आवडे, कारण तो लावला की पायडल जड होते आणि ऊब लवकर येते. घरून निघताना किंचित थंडी वाजलीच पाहिजे, असेही ते म्हणत. निघतानाच जो गरम आहे तो कारखान्याच्या फाटकाशी भिजलेला पोचतो आणि मग आठ तास शिंकतो.

हातांचे मात्र त्यांना शेवटपर्यंत जमले नाही. लोकरी हातमोज्यांत ब्रेकची दांडी नीट पकडता येईना. शेवटी आईने जुन्या मोज्यांचे पंजे कापून मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत येणाऱ्या नळ्या करून दिल्या. दिसायला अगदी दरिद्री. आता तसलेच, बोटे उघडी असलेले हातमोजे नातू बरेच पैसे मोजून आणतो.

आता त्या चीर पडलेल्या गळपट्ट्याबद्दल. बडोद्याच्या हिवाळ्याचा कळस उत्तरायण. गच्च्यांवर पतंग, घरात तिळगूळ आणि शेजारून आलेले उंधियू. आपण संक्रांतीला काळे नेसतो ते ऊन शोषते म्हणून, हे कारण मुलांना सांगून झालेले असते. आणि खाली रस्त्यावर काच लावलेला मांजा, सायकलवाल्याच्या बरोबर गळ्याच्या उंचीवर. १९७० नंतरच्या कुठल्याशा उत्तरायणात आमचा चुलत भाऊ दूध आणायला सायकलने निघाला. सकाळ गार म्हणून काकूंनी त्याच्या गळ्याला वडिलांचा गळपट्टा दोन वेढे देऊन गुंडाळला होता. दरवाजाबाहेर कटलेल्या पतंगाचा दोर आडवा आला. लोकरीचे दोन्ही वेढे कापले गेले आणि गळ्यावर एक लाल रेघ उठली, एवढेच. काकूंनी चीर वेगळ्या रंगाच्या लोकरीने रफू केली. रफूचा मोठा भाग आता उसवला आहे. त्यानंतर आमच्या घरी मकरसंक्रांतीच्या आगेमागे आठ-दहा दिवस, ऊन असो वा थंडी, गळा गुंडाळल्याशिवाय कुणी दुचाकीवर बसत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो. नायलॉन तुटत नाही, आणि लोकरीचे दोन वेढे त्यापुढे पुरतील असे आम्हाला वाटत नाही. स्कूटरवाले हँडलला तारेची कमान लावतात. सायकलवाल्या मुलांनी गळ्याला जाड कापड किंवा चामड्याचा पट्टा बांधून, हळू चालवत जावे. त्या दोन दिवसांत सायकल घरीच ठेवली तर उत्तम.

हे सगळे लिहिताना आम्ही जुने फोटो शोधले. बंडी घातलेला, गळपट्टा गुंडाळलेला, क्लिपा लावलेला एकही माणूस सापडला नाही. फोटो काढायचा म्हणजे स्टुडिओत जायचे, कोट-टोपी घालून खुर्चीत बसायचे. सायकल असलीच तर पुसून बाजूला उभी. आत्यांचाही एकच फोटो आहे: पाचवारी, दोन वेण्या, हात सायकलच्या हँडलवर, आणि कोट कुठेही नाही. आपल्यापैकी कुणाच्या घरी थंडीच्या सकाळचा, रस्त्यावरचा, सायकलवरच्या माणसाचा एखादा फोटो असेल, अगदी पुसटसुद्धा, तर विसर्जनापूर्वी मंडपात आणून दाखवावा. प्रत काढून मूळ फोटो त्याच दिवशी परत देऊ. बंडीही मंडपात ठेवली आहे. ज्यांना तिचे टाके पाहायचे असतील त्यांनी खुशाल उलटून पाहावे.